पाण्याच्या पीकखाली लपलेला मिथाइल

एका गोळीचा सहा महिन्यांच्या स्टॅबिलिटीचा, म्हणजे टिकाऊपणाच्या चाचणीचा, नमुना (४० अंश, ७५ टक्के आर्द्रता) एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर चालवला, तर औषधाच्या मुख्य पीकच्या (आलेखावरच्या उंचवट्याच्या) पाठोपाठ एक नवं पीक दिसलं, ०.३१ टक्के. या डोसला अशुद्धी ०.२ टक्क्यांच्या वर गेली की तिची रचना शोधावीच लागते. औषधाचं नाव सांगता येत नाही. रेणूच्या टोकाला एन-मिथाइलपिपरझिन आहे (दोन नायट्रोजनांची रिंग, एका नायट्रोजनवर मिथाइल, म्हणजे सीएच३), एवढं पुरे.

मूळ पद्धतीत फॉस्फेट बफर. तो मास स्पेक्ट्रोमीटरला (रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला) चालत नाही, सोर्समध्ये, म्हणजे जिथे रेणूंचे आयन होतात तिथे, क्षार साचतात. अमोनियम फॉर्मेटवर आलो, तर शेजारच्या पीक्सची अदलाबदल झाली. यूव्ही स्पेक्ट्रम जुळवून आपलं पीक आधी ओळखून घेतलं.

वस्तुमान १५.९९४९ ने जास्त, म्हणजे एक ऑक्सिजन. पण बसलाय कुठे? कार्बनवर ओएच आला की रेणू रिव्हर्स फेजवर (पाण्याशी न जमणाऱ्या भरणाच्या एचपीएलसी स्तंभावर) सहसा लवकर बाहेर पडतो. हा उशिरा येत होता. सोर्सचं तापमान चढवलं तसा १६ ने हलका आयन वाढत गेला. दोन्ही लक्षणं एन-ऑक्साइडची, म्हणजे नायट्रोजनवर बसलेल्या ऑक्सिजनची, पण लक्षणंच.

खात्री एनएमआरने होते, ते रेणूतल्या हायड्रोजन-कार्बनच्या जागा दाखवतं, पण त्याला पदार्थ हवा. मूळ औषध ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवलं, प्रेप एचपीएलसीने (पदार्थ गोळा करण्याइतक्या मोठ्या एचपीएलसीने) तेच पीक वेगळं केलं. पहिल्या खेपेला टीएफए (ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल) वापरला, ती चूक. अमाइनचा (नायट्रोजनच्या गटाचा) नुसता क्षार झाला तरी एन-मिथाइल २.२ वरून २.८ पीपीएमकडे (एनएमआरच्या पट्टीवरची जागा) सरकतो, मग काय वाचायचं? दुसऱ्यांदा अमोनियम बायकार्बोनेट. ४ मिलिग्रॅम मिळाले, ०.६ मिलिलिटर ड्युटेरेटेड डीएमएसओत विरघळवले.

२.२ वर काहीच नाही. इंटिग्रेशनमध्ये, म्हणजे पीक्सच्या क्षेत्रफळावरून हायड्रोजन मोजताना, नेमके तीन हायड्रोजन कमी. एन-ऑक्साइड ओलावा ओढतो, त्यामुळे ३.३३ ला पाण्याचा डोंगर उभा होता आणि मिथाइल त्याच्याच पायथ्याशी दडलेला. एचएसक्यूसी लावलं, त्यात कार्बनला थेट जोडलेले हायड्रोजनच दिसतात. पाण्याला कार्बन नाही, त्यामुळे तिथे डोंगर गायब. उरला एक ठिपका, कार्बन ६० पीपीएमच्या आसपास. मूळ औषधात तो ४६ ला. एचएमबीसीत (दोन-तीन बंधांपलीकडचे कार्बन दाखवणाऱ्या प्रयोगात) त्याच मिथाइलचे धागे रिंगमधल्या ६५ च्या कार्बनांना जाऊन मिळाले. संशयाला जागा उरली नाही.

हा पदार्थ गोळीच्या नमुन्यात मिसळून चालवला: एकच पीक, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये रेणूचे तेच तुकडे.

ऑक्सिजन आला कुठून? गोळीतला बाइंडर (भुकटी बांधून ठेवणारा घटक) पोव्हिडोन नावाचं पॉलिमर होता. त्यात पेरॉक्साइड असतातच, हवा लागली की वाढतात. या बॅचचा पोव्हिडोन अर्ध्या वापरलेल्या, उघड्या ड्रममधला निघाला.