गाळून टाकलेला थरथराट (मुक्काम हॅनोव्हर)

जर्मनीत हॅनोव्हरला मी गुरुत्वलहरी (अवकाशालाच आलेली अतिसूक्ष्म कंपनं) शोधणाऱ्या गटात आले. पहिले तीन महिने मी आणि आमच्या गटातले लेझरवाले एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होतो, आणि कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. शब्द होता नॉइज.

मी पुण्यात संख्याशास्त्र शिकलेली. माझ्या लेखी नॉइज म्हणजे भरपूर मोजमापं घेऊन सरासरी काढली की विरून जाणारी गडबड. आरसे आणि लेझर सांभाळणाऱ्यांच्या लेखी मात्र प्रत्येक नॉइजला घर असतं: तो पंप, तो रस्ता, तो वारा. दर पहाटे येणारा एक थरथराट मी मुकाट्याने गाळून टाकत होते. एकदा कॉफी पिताना सहज बोलून गेले, तर समोरच्या इंजिनिअरने कपच खाली ठेवला. तो महिनाभर तेच शोधत होता, आणि मी पाठवलेल्या आलेखांत पहाट उरलेलीच नव्हती! तो रागावला नाही. शेजारी खुर्ची ओढून म्हणाला, मूळ नोंदी उघड. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गुरुत्वलहरींच्या कामात हे पावलोपावली होतं. अमेरिकेत हॅनफर्डला लायगो या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजा आहेत, त्यांतून लेझर धावतो. २०१७च्या उन्हाळ्यात तिथल्या नोंदींत मधूनच उसळ्या दिसू लागल्या. मायक्रोफोन ऐकला तर टकटक. बाहेर जाऊन पाहिलं, तर थंड नायट्रोजनच्या पाइपवर साचलेल्या बर्फावर चोचींच्या खुणा! डोमकावळे बर्फ टोचत होते. नुसते आकडे पाहणाऱ्याला पाइप ठाऊक नसतो, आणि पाइप सांभाळणाऱ्याला उसळी दिसत नाही.

लायगोत रोजच्या घडामोडींची नोंदवही सगळ्यांसाठी खुली असते. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. आता मीही तशी एक ठेवते: आज काय गाळलं, का गाळलं, साध्या शब्दांत, एकही सूत्र न लिहिता. आमचे तंत्रज्ञ ती वाचतात आणि समासात प्रश्न लिहितात. बैठकीत एरवी गप्प बसणारे एक काका (इथे त्यांनाही नावानेच हाक मारतात, मला अजून जड जातं) समासात मात्र भरभरून लिहितात. पंपाची कुरकुर त्यांच्याइतकी कोणालाच कळत नाही.

१४ सप्टेंबर २०१५ला पहिली गुरुत्वलहर टिपली गेली, तेव्हा संगणकाने दिलेला इशारा सर्वांत आधी पाहिला तो याच शहरात बसलेल्या एका संशोधकाने. पुढच्या फेब्रुवारीत आलेल्या शोधनिबंधावर हजाराहून अधिक नावं होती. लहरींचा माग काढायची गणिती रीत घडवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संजीव धुरंधरांचा मोठा वाटा आहे, हे इथे सांगताना ऊर भरून येतो.

आणि आता हिंगोली. औंढा नागनाथजवळ तशीच वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहणार आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. म्हणून त्या भागातल्या वाचकांना मनापासून विचारते: पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर पहाटे किती वाजता सुरू होतात? पहिल्या मोठ्या पावसानंतर काळी जमीन किती खोलवर फुगते? विहिरींवरच्या मोटारी रात्री कधी चालतात, वीज येते तेव्हाच ना? मी वहीत हिंगोलीसाठी वेगळं पान केलंय. सध्या कोरंच आहे.