फेनिटॉइन: शंभर मिलिग्रॅमचा घोळ

फेनिटॉइन हे फिट्सवरचं (अपस्माराचं) औषध ३०० वरून ४०० मिलिग्रॅम केलं की रक्तातली पातळी त्याच पटीत वाढेल, हा हिशेब इथे चालत नाही. औषध मोडणारी यकृतातली एन्झाइम्स नेहमीच्या डोसलाच जवळजवळ भरलेली असतात. पुढे जरा वाढवलं तरी पातळी उसळते. हवी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. पातळी २० पार गेली की डोळे थरथरतात, ३० च्या आसपास चाल अडखळते. म्हणून वाढ ३० ते ५० मिलिग्रॅमचीच. हे औषध रक्तातल्या ज्या प्रथिनाला चिकटून राहतं ते अल्ब्युमिन कमी असेल तर रिपोर्ट चक्क फसवतो: आकडा ८, पण न चिकटलेलं, काम करणारं मोकळं औषध पुरेसं! शिरेतून देताना सलाइनच. डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या द्रावात, औषधाचे स्फटिक धरतात. वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या आत, ईसीजी लावून. आणि सस्पेन्शनची (तळाशी बसणाऱ्या पातळ औषधाची) बाटली न हलवता ओतली, तर सुरुवातीचे डोस पातळ, तळचे जहाल.