सखाराम सोडून काहीही

आमच्याकडे बाळाचं नाव ठेवायचा हक्क आत्याचा. हक्क म्हणजे काय, तर नाव भावजयीनं शोधायचं, तिच्या आईनं पसंत करायचं, भावानं मान डोलवायची आणि आत्यानं ते बाळाच्या कानात कुर्रर्र करून सांगायचं. वर पाठीत चार धपाटे खायचे. गेल्या महिन्यात कोथरूडला भाच्याचं बारसं ठरलं, तेव्हा मी हा हक्क जरा मनावर घेतला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा दिवस यादी फिरत होती: रेयांश, अद्विक, विवान, कियान. मी लिहिलं, "पणजोबांचं नाव ठेवू या. सखाराम."

सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर कुणाचंच येईना. तासाभरानं भावाचा फोन आला. "ताई, सखाराम सोडून काहीही."

मग एकेक कारण बाहेर पडायला लागलं. मोठ्या काकांनी लिहिलं, शाळेत पोरं त्याला गटणे म्हणून चिडवतील. काकूंनी मला वेगळा मेसेज पाठवला, "अगं, ते नाटक..." पुढे नुसती टिंबं, नाटकाचं नाव लिहायचीसुद्धा त्यांना सोय वाटली नव्हती. भावाचे सासरे साताऱ्याकडचे, सिनेमाचे दर्दी. ते म्हणाले, "हवालदाराचं नाव आहे हो ते." भावजयीला यातला एकही सखाराम माहीत नव्हता. तिला ते नाव फक्त जुनं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर चौघांत तिचंच कारण सरळ होतं.

बाकी तिघांनी एकाच नावाला नाही म्हटलं होतं, पण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढचा माणूस वेगळा.

आमचे आजोबा याच तिघांच्या कचाट्यात सापडले. ते १९२१ सालचे. सदाशिव पेठेत दोन खोल्या, एका सरकारी कचेरीत कारकून, सायकल, काळी टोपी. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या नावाला कुणी हसलं नव्हतं. सखाराम काय, घरटी एक असायचा. १९६२ साली 'व्यक्ती आणि वल्ली' पुस्तकरूपानं आलं आणि कचेरीत कुणीतरी त्यांना "या गटणे" म्हटलं. आजोबा तसे थोडं छापील बोलायचेच. "चहा घेणार का?" याला त्यांचं उत्तर "घेईन, परंतु अर्धा" असं असायचं. तो 'परंतु' त्यांना नडला. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आलं. झालं, गटण्यांचे बाइंडर झाले. आणखी तीन वर्षांनी 'पांडू हवालदार' आला, त्यात अशोक सराफांनी केलेला लाच खाणारा हवालदार, तोही सखाराम. आता कचेरीत फाइल जरा अडली की "हवालदार, काय द्यायचं?" तेरा वर्षांत माणसाचं तीनदा बारसं झालं, आणि त्यांनी स्वतः यातलं काहीएक केलेलं नव्हतं. ते नाटक आजोबांनी पाहिलं की नाही, हे घरात आजवर कुणालाच कळलेलं नाही. आजीला विचारलं की ती कुकर बघायला उठायची.

मला या तिघांचं नवल वाटतं ते असं, की ते एकमेकांना ओळखसुद्धा देणार नाहीत. पुलंचा गटणे हातात सहीची वही घेऊन येतो आणि तोंड उघडतो तेच छापून आल्यासारखं. तेंडुलकरांचा सखाराम छापखान्यात बांधणीचं काम करतो, मृदंग वाजवतो, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवतो आणि पहिल्याच दिवशी त्यांना आपल्या घरचे नियम ऐकवतो. त्या नाटकावर परिनिरीक्षण मंडळानं ३२ ठिकाणी कात्री लावायला सांगितली, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग थेट कोर्टात जाऊन भांडले. त्याच नाटकात मुंगीशी मनातलं बोलणारी लक्ष्मी आहे, हे मात्र नाव ऐकूनच कानावर हात ठेवणाऱ्यांना सांगावं लागतं. सखाराम केला निळू फुल्यांनी. पुण्याचा माणूस, लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. तो खर्जातला आवाज एकदा त्या नावाला चिकटल्यावर आमच्या आजोबांच्या अर्ध्या चहाला कोण विचारतो!

तरीही या तिघांना एकदा एका दुकानात आणावं, असं मला फार दिवस वाटतंय. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचं एखादं बोळातलं दुकान घ्या. गटणे साने गुरुजींचं खिळखिळं पुस्तक घेऊन येतो आणि म्हणतो, "याची पुनर्बांधणी व्हावी अशी माझी मनीषा आहे." बाइंडर मान वर न करता एक शिवी हासडतो. गटण्याला ती शब्दकोशात सापडत नाही, म्हणून तो ती वहीत टिपून घेतो, समोर कंसात 'देशी?' असं लिहितो. तेवढ्यात हवालदार येतो, फुटपाथवर वाळत घातलेले पुठ्ठे दांडक्यानं उचकटून बघतो आणि विचारतो, "हे कुणाचं अतिक्रमण?" दोघंही एका आवाजात सांगतात, "सखारामचं."

हिंदी सिनेमाचा हिशेब वेगळा. तिथला विजय घ्या. 'जंजीर', 'दीवार', 'त्रिशूल', 'डॉन', 'काला पत्थर', 'शक्ती'. १९७३ ते १९८२ एवढ्या काळात सलीम-जावेदांनी अमिताभला एकच नाव पुन्हापुन्हा दिलं. मधल्या 'शोले'त जय केला, पण अर्थ तोच. हा विजय कधी पोलीस, कधी गोदीतला हमाल, कधी खाणकामगार. पण कपडे बदलले तरी आत एकच माणूस, तोच राग, बहुतेकदा तीच आई. प्रेक्षक नाव ऐकूनच खुर्चीत सावरून बसायचा. त्याआधी १९५७ च्या 'प्यासा'त गुरुदत्तनं एका हरलेल्या कवीला विजय म्हटलं होतं, ते मात्र पुढच्या विजयांनी पार पुसून टाकलं. पुढे राहुल आणि प्रेमही आले. पण त्या नावांना तसा कणा नव्हता. शर्टच जास्त लक्षात राहिले.

इंग्रजीत टॉम आहेच. टॉम जोन्स, टॉम सॉयर, अंकल टॉम आणि उंदरामागे धावणारं ते मांजर. मांजरच सगळ्यांत कष्टाळू.

मराठीत सखारामच्या जोडीला बसेल असा एकच, पांडुरंग. कोल्हटकरांच्या विनोदी लेखांत सुदाम्यासोबत बंडूनाना आणि पांडूतात्या हिंडतात. मग १९६३ मध्ये 'कोसला'तून पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो. पुण्यात सांगवीकर म्हटलं की औंधच्या पुढची सांगवी आठवते, पण हा खानदेशातला. वसतिगृहात राहतो, वडिलांचे पैसे उडवतो, प्रत्येक गोष्टीला 'उदाहरणार्थ' लावतो आणि शेवटी गावी परत जातो. त्यानंतर बारा वर्षांनी दादा कोंडक्यांनी खाकी चढवून त्याच नावाचा पांडू केला. २०२१ मध्ये भाऊ कदमांनी तो वेष पुन्हा घातला. आणि या सगळ्यांच्या आधी, खऱ्या आयुष्यात पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी स्वतःचीच गोष्ट लिहिताना नायकाचं नाव मात्र श्याम ठेवलं. पुढे १९४७ साली याच गृहस्थांनी पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. पांडुरंगासाठी पांडुरंगच उपाशी बसला. एखाद्या कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच जुळवून आणलंय.

भा. रा. भागवतांनी बरं केलं. फुरसुंगीच्या पोराचं, म्हणजे फास्टर फेणेचं, नाव त्यांनी बनेश ठेवलं. दुसरा बनेश मी आजवर ना पुस्तकात पाहिला ना पुण्यात. फाफेला कुणाची भीती नाही, यात त्या नावाचाही हात असावा.

सखारामचं तसं नाही. नाव मुळात मऊ. राम ज्याचा सखा तो सखाराम. सगळी गंमत किंवा दहशत असते ती पुढच्या शब्दात. गटणे म्हणताना जीभ अडखळते, तिथेच हसू येतं. बाइंडर हा तर धंदा, पण तो आडनावासारखा उच्चारला की अंगावर येतो. हवालदार म्हटलं की खिशाकडे हात जातो. लेखकांनी मधला चौरंग रिकामा बघून आपापला गणपती बसवला, आणि चौरंग आमच्या आजोबांचा होता.

बारसं झालं. नाव विवान. कुलदैवताचं, महिन्याचं, नक्षत्राचं अशी आणखीही नावं कानात सांगायची असतात. त्या कुर्रर्रच्या गलक्यात एखादं जास्तीचं गेलं तर मोजायला कोण बसलंय? धपाटे मात्र या वेळी मोजून जोरात बसले. सगळ्यांत जोरात काकूंचा.

भाच्याला द्यायला म्हणून मी कपाटातून आजोबांचं 'व्यक्ती आणि वल्ली' काढलं. पानं पिवळी पडलेली, कणा उखडलेला, मागचं पुठ्ठं झुरळांनी खाल्लेलं. गटणेच्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात, कचेरीच्या लाल पेन्सिलीनं बारीक अक्षरात शेरा आहे: 'पाहिले. स.' खाली रेघ. आलेल्या टपालावर मारतात तसा. ना राग, ना हसू. प्रकरण नजरेखालून गेलं, पुढील कार्यवाही नाही.

पुस्तक घेऊन बुधवार पेठेतल्या एका बांधणीवाल्याकडे गेले. आठ फुटी दुकान, मधोमध कटिंगचं यंत्र, कोपऱ्यात खळीचं पातेलं. पंचविशीतला मुलगा होता, कानात इअरफोन. त्यानं पुस्तक उलटं धरून हलकंसं झटकलं, कण्यातून वाळलेली खळ भुरभुरली. "पानांचे जुज सुटलेत. शिलाई नव्यानं घालावी लागेल."

"घाला."

"खळीत मोरचूद टाकतो, परत झुरळ लागणार नाही. वर रेक्झिन की कापड?"

"कापड. आणि कडा कापू नका हं, वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं आहे."

त्यानं ते पान उघडून शेरा वाचला. मला वाटलं, काहीतरी विचारेल. त्यानं कागदाचा एक चिटोरा घालून पान पुन्हा मिटलं.

"कण्यावर पुस्तकाचं नाव सोनेरी करतो. खाली मालकाचं टाकायचं?"

"टाका. सखाराम."

त्यानं पावतीमागे लिहून घेतलं. मग एका कानातला इअरफोन काढून विचारलं, "पुढे काय?"