“इतक्या पैशांत थायलंड झालं असतं”

गोव्यात मांद्र्याला आमच्या घराच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. बाबांनी त्या रशियन पाहुण्यांच्या जमान्यात बांधल्या, आता मी चालवते. अलीकडे बिल देताना कुणी ना कुणी पाहुणा हमखास ऐकवतो, “मॅडम, इतक्या पैशांत थायलंड झालं असतं.” पहिल्यांदा राग यायचा. मग म्हटलं, एकदा जाऊन हिशेबच करू या.

म्हापशाच्या हायर सेकंडरीपासूनची आमची चौकडी आहे. नावं लिहायची नाहीत अशी बाकीच्या तिघांची अट, म्हणून कामावरून ओळख करून देते. खजिनदार बँकेत आहे, ती सोबत असली की कुणालाही पाकीट काढावं लागत नाही आणि काढताही येत नाही. भाटकार म्हणजे जमीनमालक, त्याचं डिचोलीकडे थोडं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे. आणि टॅक्सीवाला. त्याची पांढरी गाडी विमानतळावर असते. स्वस्तात फिरायचं तर चौघं हा आकडा नामी. हॉस्टेलची चार खाटांची खोली आपलीच होते, अनोळखी माणसाचं घोरणं ऐकावं लागत नाही आणि भाड्याचे भाग सरळ पडतात.

आमच्यासारख्यांना सुट्टी मिळते ती जूनमध्ये. मे सरला की किनाऱ्यावरचे शॅक उतरतात, पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरून झालेली असते, गणेशचवथीच्या खर्चाला अजून अवकाश असतो. पण जूनमध्ये समुद्र बघायला जायचं म्हटल्यावर घरच्यांनी वेड्यात काढलं. “तिथे पाऊस नाही?” आहे. फुकेत, क्राबी, फी फी ही ठिकाणं अंदमान समुद्राच्या बाजूची, त्यांना आपलाच नैर्ऋत्य मान्सून झोडपतो. पण थायलंडला दुसरा किनाराही आहे, पूर्वेकडचा, आखाताचा. को समुई, को फांगन, को ताओ ही बेटं तिकडची. मधे डोंगरांची रांग आहे, त्यामुळे आपल्याकडे घाटमाथा ओलांडला की पाऊस जसा उणावतो तसं तिथे होतं. आखातातला खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांचा. म्हणजे आमचा रिकामा हंगाम हा त्यांचा चांगला हंगाम. दिवाळीच्या सुट्टीत समुईला जाऊन भिजून येणारे पाहुणे मी पाहिलेत. त्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं.

थिवीहून कोकणकन्येने मुंबई आणि रात्रीच्या विमानाने बँकॉक. चार-साडेचार तास, घड्याळ दीड तास पुढे. व्हिसाची सूट भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून मिळू लागली, आम्ही गेलो तेव्हा ती होती. १ मे २०२५ पासून मात्र पोहोचण्याआधी तीन दिवसांच्या आत एक डिजिटल अर्ज भरावा लागतो. तो फुकट आहे. सरकारी वाटाव्यात अशा वेबसाइटी त्याचे पैसे मागतात, तिकडे जाऊ नका. व्हिसाची सूट, राहण्याचे दिवस हे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या पानावर नजर टाकलेली बरी.

आता हिशेबाची गोष्ट. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातूनच शहरात जाणारी रेल्वे सुटते. शेवटच्या फाया थाई स्टेशनापर्यंत ४५ बाट. बाट आम्ही गेलो तेव्हा अडीच रुपयांच्या थोडा वर होता. म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर रुपयांत माणूस विमानतळावरून शहराच्या मध्यावर. आमच्या मोपा विमानतळावरून मांद्र्याला यायला पाहुण्याला टॅक्सीचे हजाराच्या वर मोजावे लागतात, आणि अंतर त्याहून कमी. खजिनदाराने वहीत पहिली ओळ लिहिली आणि ती टॅक्सीवाल्यापुढे धरली. तो म्हणाला, “आमचो सीझन स (सहा) म्हयन्यांचो, बँकेचो हप्तो बारा म्हयन्यांचो. तुझ्याच बँकेचो.” त्यावर ती गप्प. हा वाद पुढे सगळी ट्रिप चालला, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे.

फाया थाईहून एक स्टेशन स्कायट्रेनने, मग थोडं चालून हुआ चांगचा धक्का. तिथून सेन सेप कालव्यातली बोट जुन्या शहराकडे जाते. बँकॉकमध्ये मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही बोट, कुठलंही देऊळ नाही. लांबलचक लाकडी होडी, आडवी बाकं, कडेला निळं प्लास्टिक दोरीने खालीवर करायची सोय. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेला माणूस न सांगता दोरी ओढतो, पडदा वर जातो आणि काळं पाणी प्लास्टिकवर आपटतं. बोट गेली की पडदा खाली. ऑफिसला निघालेल्या बायका मोबाइलमधून मान वर न काढता हे करतात. कंडक्टर बोटीच्या आत येतच नाही, बाहेरच्या वीतभर फळीवरून चालत, डोक्याला हेल्मेट घालून पैसे गोळा करतो. हेल्मेट कशाला ते पहिला पूल आल्यावर कळलं. तो वाकला आणि पूल त्याच्या डोक्यावरून गेला. भाडं दहा-वीस बाट. धक्क्यावर बोट थांबते म्हणण्यापेक्षा टेकते. भाटकाराने एक पाय टाकला नि बोट निघाली, कंडक्टरनेच त्याला दंडाला धरून आत ओढला.

आपल्याकडे मोटरसायकलवाले पायलट आहेत, तसे तिथे नारिंगी जाकीट घातलेले. गल्लीच्या तोंडाशी फलकावर दर लिहिलेले असतात. टॅक्सीवाल्याने त्या फलकाचा फोटो काढून आपल्या युनियनच्या ग्रुपवर टाकला. काय उत्तरं आली ते त्याने दाखवलं नाही.

बँकॉकमध्ये देवळांचं तिकीट परदेशी माणसाला वेगळं असतं. ‘वाट’ म्हणजे तिकडे देऊळ. वाट फो ३०० बाट, वाट अरुण २००, राजवाडा ५००. थाई माणसाला फुकट. खजिनदार चिडली, मग मी तिला ताजमहालाच्या दोन रांगा आठवून दिल्या. आम्ही वाट फो बघितलं, तिथला आडवा बुद्ध ४६ मीटर लांब आहे आणि पावलांच्या तळव्यांवर शिंपल्यांचं नक्षीकाम. ते काम बघत भाटकार पाऊण तास उभा होता. राजवाडा बाहेरून पाहिला. वाट अरुणला नदी ओलांडून जायला तर पाच बाटची होडी. आपल्या फेरीबोटीत पायी माणसाला तेही लागत नाहीत, तेव्हा एक गुण गोव्याला.

खाण्याचं म्हणाल तर रस्त्यावर ५०-६० बाटमध्ये पोट भरतं. काचेच्या कपाटात पातेली मांडलेली असतात, बोट दाखवायचं, भातावर दोन प्रकार वाढून मिळतात. नारळाचा रस, झिंगे, मिरची, त्यामुळे आपल्याला उपरं वाटत नाही. फक्त उकड्या तांदळाची सवय असलेल्यांना त्यांचा चिकट-मऊ भात दुसऱ्या दिवशी कंटाळवाणा होतो. पंचाईत झाली सोमवारी. खजिनदार सोमवारी मासे-मटण खात नाही, आणि तिथे माशाचा सॉस साध्या परतलेल्या पालेभाजीतही असतो. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते दुकान शुद्ध शाकाहारी, थाई लोक त्याला ‘जे’ म्हणतात. असं दुकान शोधायला आम्ही अख्खी सकाळ चाललो. सापडलं तेव्हा तिथली मशरूमची कढी आम्हा मांसाहाऱ्यांनीच जास्त ओरपली. त्या दुकानात कांदा-लसूणही नसतो, हे तिने घरी आईला फोन करून मुद्दाम सांगितलं.

बियरबाबत मात्र पाहुण्यांना आता मी निक्षून सांगते. दुकानात मोठी बाटली साठ-पासष्ट बाट, म्हणजे दीडशे रुपयांच्या वर. गोव्यात ती स्वस्त आहे. शिवाय आम्ही गेलो तेव्हा दुपारी दोन ते पाच दुकानांत दारू विकायला बंदी होती. फ्रिजला साखळी. आणि रेल्वेत तर पिणंच बंद, २०१४ पासून. टॅक्सीवाल्याला हे पटेना.

बेटावर विमानाने गेलं की बजेट कोसळतं. आम्ही रात्रीची गाडी धरली. लांबच्या गाड्या आता हुआलाम्फोंगच्या जुन्या सुंदर स्टेशनावरून नाही, नव्या क्रुंग थेप अफिवात टर्मिनलवरून सुटतात, तेव्हा जुन्या पुस्तकावर विसंबू नका. मीटर गेजची गाडी, डबे आपल्यापेक्षा अरुंद. समोरासमोरच्या दोन सीटांची मिळून खालची बर्थ होते, ती रुंद म्हणून महाग, वरची स्वस्त. रेल्वेचा माणूस येऊन दोन मिनिटांत गादी, चादर, पडदा लावून देतो. एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं, हा खरा फायदा. पहाटे चुंफोनला उतरलो, बसने धक्क्यावर, आणि सकाळच्या कॅटामरानने पावणेदोन-दोन तासांत को ताओ.

को ताओ जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. जगभरची पोरं तिथे डायव्हिंग शिकायला येतात, कारण तो कोर्स इतका स्वस्त फार कमी ठिकाणी आहे. आम्ही मास्क भाड्याने घेऊन किनाऱ्यावरूनच पोहलो. हाताच्या अंतरावर पोपटी, निळे, पट्टेरी मासे. गोव्याच्या गढूळ पाण्यात वाढलेल्या माणसाला आपले पाय छातीभर पाण्यात दिसतात याचंच अप्रूप. शेजारच्या नांग युआन बेटावर प्लास्टिकची बाटली नेऊ देत नाहीत. धक्क्यावर पिशव्या तपासतात, पाण्याची बाटली काढून ठेवतात. कुणी हुज्जत घालत नव्हतं. आपल्याकडे २०१९ पासून किनाऱ्यावर उघड्यावर दारू प्यायला दंड आहे, पण सकाळी मांद्र्याच्या वाळूत चप्पल काढून चालायची माझी हिंमत होत नाही. थायलंडच्या अंदमान समुद्राच्या बाजूला माया बे हा किनारा त्यांनी २०१८ मध्ये बंद केला तो २०२२ च्या जानेवारीपर्यंत उघडला नाही, आणि अजूनही दर ऑगस्ट-सप्टेंबरात बंद ठेवतात. धंदा करणारी म्हणून मला विचाराल तर माझा किनारा साडेतीन वर्षं बंद ठेवला असता तर मी मोर्चात पुढे असते. पण दोन महिने? पावसात तसाही कोण येतो. त्यावर विचार करता येईल.

को फांगनच्या धक्क्यावर उतरलो आणि टॅक्सीवाल्याचा जीव सुखावला. मागे दोन बाकं टाकलेल्या पिकअप गाड्या रांगेत, दर ठरलेला, माणशी, घासाघीस नाही. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही. एक जर्मन जोडपं ॲपवर गाडी शोधत होतं आणि ड्रायव्हर लोक त्यांच्याकडे बघून आपसात काहीतरी बोलून हसत होते. “बघ,” टॅक्सीवाला मला म्हणाला, “हांगाय तेंच.” इथेही तेच. तो सरळ त्यांच्यात जाऊन उकिडवा बसला. त्याला थाई येत नाही, त्यांना इंग्रजी जेमतेम. तरी मोबाइलवर आकडे टाईप करून गाडीची किंमत, हप्ता, हंगामाचे महिने सगळं बोलणं झालं. सात महिने बरे जातात, असं एकाने बोटांवर दाखवलं. आमच्यापेक्षा एक जास्त. गाडी भरली तेव्हा त्याला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं, आम्ही तिघं मागे बॅगांवर. भाडं मात्र चौघांचं पूर्ण घेतलं.

स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना गोव्यातूनच काढून न्या, आपल्या आरटीओत मिळतो. तो नसेल तर पोलीस दंड करतात, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. दुकानदार पासपोर्ट ठेवून घ्यायला मागतो, त्याऐवजी रोख अनामत द्या. गाडी हातात घेण्याआधी टॅक्सीवाल्याने तिच्याभोवती फिरून एकेका ओरखड्याचा व्हिडिओ काढला, आणि दुकानदाराला त्यात बोलायला लावलं. रेंट-अ-बाईकचे खेळ त्याला पाठ आहेत. हाद रिनकडचा रस्ता उभ्या चढाचा आहे, तिथे गुडघ्याला पट्ट्या बांधलेली गोरी पोरं जागोजागी भेटतात. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या दिसतील, त्या जेलीफिशच्या दंशासाठी. खालचा फलक वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

एटीएमचं एक सांगायचं राहिलं. प्रत्येक वेळी दोनशेच्या वर बाट कापतात. खजिनदाराने सगळे पैसे रोख नेले, शहरात सुपररिच या चलन बदलून देणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर बदलले. विमानतळावरच्या बँकांचा भाव वाईट असतो.

तर पाहुणे म्हणतात ते खरं का? विमानाचं भाडं धरलं तर नाही. खोली माझ्या खोलीइतकीच, बियर महाग, देवळं महाग. स्वस्त आहे ते जाणं-येणं आणि रस्त्यावरचं जेवण, आणि त्या दोन्हींत तिथलाच माणूस तुमच्याशेजारी बसलेला असतो, तेच पैसे मोजून. आमच्याकडे कदंबाची सरकारी बस मोपाहून सुटते, पण ती कुठे उभी राहते ते पाहुण्याला कोण सांगणार? आल्यावर मी चारही खोल्यांच्या दारामागे बसचं वेळापत्रक चिकटवलं. टॅक्सीवाल्याने आठ दिवस अबोला धरला, मग स्वतः येऊन त्याच्याखाली आपला नंबर लिहून गेला: ‘बस चुकल्यास’.

पुढच्या जूनला व्हिएतनाम म्हणतोय. दा नांगकडे तेव्हा कोरडं असतं, ई-व्हिसा २५ डॉलरचा. भाटकाराला होई आन बघायचंय, खजिनदाराची वही उघडलेली आहे, आणि तिथे टॅक्सीचे दर काय, हे टॅक्सीवाला आत्तापासून विचारतोय.