स्वस्त प्रोसेसर घेताना नावावर जाऊ नका, कॅश आणि लेन बघा

‘आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेतोय, सोबत कुठला स्वस्त प्रोसेसर टाकू?’ या प्रश्नाला दुकानदार जे उत्तर देतो, ते बऱ्याचदा त्याच्याकडे कुठला माल पडून आहे यावर ठरतं. खरं उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे: मॉनिटर किती हर्ट्झचा आहे (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) आणि तुम्ही खेळता काय. कार्डाचं नाव त्यानंतर.

एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, तयार होताना आधी प्रोसेसर हिशोब करतो. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, काय काय चितारायचं आहे. ती यादी कार्डाकडे जाते आणि कार्ड चित्र रंगवतं. रिझोल्यूशन वाढवलं की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे एखाद्या गेममध्ये प्रोसेसर सेकंदाला ९० याद्याच देऊ शकत असेल, तर कार्ड कितीही भारी बसवा, ९० च्या वर जाता येणार नाही. साठ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झसाठी फक्त ६.९. त्यामुळे साठ हर्ट्झवर सगळ्या सेटिंग वर ठेवून कथानकाचे गेम खेळणाऱ्याला साधा प्रोसेसर पुरतो. सेटिंग खाली आणून १४४ वर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याने मात्र कार्डावरचे थोडे पैसे कमी करून प्रोसेसरकडे वळवलेले बरे.

दोन नावं टाकली की ‘बॉटलनेक (एकामुळे दुसऱ्याचा खोळंबा) १४ टक्के’ असा आकडा देणाऱ्या वेबसाइट आहेत. त्यांना ना तुमचा गेम माहीत, ना रिझोल्यूशन. तो आकडा विसरून जा.

अपस्केलिंगबद्दल (लहान चित्र काढून मोठं करण्याबद्दल) एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. १४४०पी मॉनिटरवर डीएलएसएस (एनव्हीडियाचं अपस्केलिंग) ‘क्वालिटी’ला लावलं की कार्ड प्रत्यक्षात ९६०पीवर चित्र काढतं आणि मग मोठं करतं. कार्ड मोकळं होतं, फ्रेम वाढतात आणि प्रोसेसरची मर्यादा उघडी पडते. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून काढलेलं चित्र) लावलं तर प्रोसेसरचं कामही वाढतं. ‘१४४०पीला प्रोसेसर कसलाही चालतो’ हा सल्ला म्हणूनच आता तितकासा खरा राहिलेला नाही.

५५०० आणि ५६००: नावात शंभराचा फरक, आत वेगळीच चिप

एएमडीचे रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० दोन्ही एप्रिल २०२२ मध्ये आले. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड. बूस्ट (कमाल वेग) ४.२ आणि ४.४ गिगाहर्ट्झ. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण ५५०० ही मुळात लॅपटॉपसाठी बनवलेल्या चिपची ग्राफिक्स बंद केलेली आवृत्ती आहे. तिच्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. आणि कार्ड ज्या जोडणीतून प्रोसेसरशी बोलतं त्या पीसीआय एक्सप्रेसच्या बाबतीत ५५०० ही ३.० आवृत्तीवर थांबते, ५६०० ला ४.० मिळतं.

कॅशने गेममध्ये एवढा फरक का पडतो? गेमचा डेटा मेमरीभर विखुरलेला असतो आणि पुढच्या क्षणी काय लागेल याचा अंदाज बांधणं कठीण. हवी ती गोष्ट एल३ मध्ये सापडली तर साधारण १० नॅनोसेकंदांत हाती येते, रॅमपर्यंत जावं लागलं तर ६० ते ८० लागतात. तेवढा वेळ कोअर नुसता वाट बघत बसतो. सरासरी एफपीएसपेक्षा (सेकंदाला किती फ्रेम) हा तोटा ‘१ टक्का लो’ मध्ये, सर्वांत संथ एक टक्का फ्रेममध्ये, जास्त दिसतो, म्हणजे गर्दीच्या चौकात किंवा स्फोटाच्या वेळी.

लेनचं, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या वाटांचं, प्रकरण त्याहून फसवं. आरएक्स ६६००, आरएक्स ७६००, आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० ही कार्डं स्लॉटमध्ये पूर्ण लांबीची दिसतात, पण त्यांना जोडलेल्या लेन आठच असतात. आठ लेनवर ४.० मध्ये सेकंदाला सुमारे १५.८ जीबी जातात, ३.० मध्ये ७.९. कार्डाच्या ८ जीबी मेमरीत सगळं मावतंय तोवर हा फरक चार-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. टेक्श्चर ‘अल्ट्रा’वर टाकलं आणि मेमरी भरून वाहायला लागली, की उरलेला माल रॅममध्ये जातो आणि प्रत्येक वेळी त्या स्लॉटमधूनच ये-जा करतो. मग सरासरी ६० दिसत असूनही गेम दर दोन सेकंदांनी अडखळतो. आरएक्स ६५०० एक्सटीची अवस्था सगळ्यात वाईट: ४ जीबी मेमरी आणि चारच लेन. जुन्या ३.० च्या बोर्डात ते कार्ड टाकू नये, स्पष्टच सांगतो.

याच वळणाची आणखी काही नावं ओळखून ठेवा. रायझन ५ ५६००जी, आणि शेवटी एक्स नसलेला रायझन ७ ५७००: दोन्हींत १६ एमबी कॅश आणि ३.०. रायझन ५ ४५०० मध्ये तर ८ एमबीच. नव्या एएम५ सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) रायझन ५ ८४००एफ १६ एमबी कॅशचा, आणि कार्डासाठी आठच लेन देणारा. ८५००जी चारच लेन देतो. ‘आत्ता नावात ‘जी’ असलेला, आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतो, कार्ड नंतर टाकीन’ असा बेत असेल तर ही किंमत आधीच मोजलेली असते.

५६०० घेतला पण मदरबोर्ड बी४५० किंवा ए५२० असेल, तर ४.० मिळत नाही. कॅशचा फायदा तेवढा राहतो. आठ लेनच्या कार्डासोबत नवा बोर्ड घेणार असाल तर बी५५० घ्या.

इंटेलकडे काय आहे

आय३-१२१००एफ मध्ये चार कोअर, आठ थ्रेड, १२ एमबी एल३. आय५-१२४००एफ मध्ये सहा कोअर, बारा थ्रेड, १८ एमबी. दोन्ही जानेवारी २०२२ चे, आणि स्वस्तातल्या एच६१० बोर्डावरही कार्डाच्या स्लॉटला ४.० मिळतं. ही इंटेलची जमेची बाजू. आय३-१३१००एफ आणि १४१००एफ हे थोड्या जास्त क्लॉकचे १२१००एफच आहेत. भाव सारखा असेल तर घ्या, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. शिवाय १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर ६०० मालिकेच्या जुन्या स्टॉकमधल्या बोर्डात टाकायचा तर बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट लागू शकतं.

चार कोअर पुरतात का? आरएक्स ६६०० सोबत साठ एफपीएससाठी अजून पुरतात, पण नवे ओपन वर्ल्ड गेम चारही कोअर पूर्ण व्यापतात. मग मागे ब्राउझर, डिस्कॉर्ड, रेकॉर्डिंग चालू असलं की झटके बसतात. नवीन खरेदीत सहा कोअरच्या खाली जाऊ नये असं माझं मत. आय३ तेव्हाच घ्या, जेव्हा वाचलेल्या पैशांत कार्ड खरोखर एक पायरी वर जात असेल.

एच६१० बोर्डाची मर्यादा रॅमला: डीडीआर४ असेल तर ३२००च्या वर जाता येत नाही आणि स्लॉट दोनच. महागडी ३६०० ची रॅम त्यावर वाया जाते.

एएम५ वरचा रायझन ५ ७५००एफ (३२ एमबी कॅश, ५ गिगाहर्ट्झ) या सगळ्यांच्या पुढे आहे, १४४ हर्ट्झवाल्याला तोच शोभतो आणि पुढे त्याच सॉकेटवर अपग्रेडही करता येतं. पण प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांची बेरीज करूनच तुलना करा. एएम५ ला डीडीआर५ शिवाय पर्याय नाही आणि २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव जे भडकले, त्याने हे गणित बिघडवलं. घरी डीडीआर४ ची बरी जोडी असेल तर ५६०० किंवा १२४००एफ चं पारडं जड होतं. १२व्या पिढीचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, खोक्यावर नीट वाचून घ्या. एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही.

कार्डाची कंपनीही थोडी मोजावी लागते. कमकुवत प्रोसेसरवर डीएक्स१२ (डायरेक्टएक्स १२) वापरणाऱ्या गेममध्ये एनव्हीडियाचा ड्रायव्हर एएमडीच्या ड्रायव्हरपेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. इंटेलच्या आर्क बी५८० ला हे सगळ्यात जास्त लागू: रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर ते कार्ड बरंच खाली घसरतं, आणि बायोसमध्ये रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू नसेल तर ते घेण्यात अर्थच नाही.

जुना एएम४ (५५००-५६०० चा सॉकेट) बोर्ड असेल तर

रायझन ३ २२००जी किंवा रायझन ५ १६०० बी४५० बोर्डावर चालू असेल, तर ५६०० टाकणं हा सगळ्यात कमी खर्चाचा बदल. (२२००जी कार्डाला ३.० च्या आठच लेन देतो, तेही सुटतं.) क्रम चुकवू नका. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बोर्डाच्या साइटवरून ताजं बायोस घ्या, एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर टाका, अपडेट करा, आणि मगच प्रोसेसर बदला. आधी बदलला तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते, आणि दुकानात पुन्हा जुना प्रोसेसर लावून घेण्याची वेळ येते. ताज्या बायोसचा आणखी एक फायदा: रायझनवर एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या सुरक्षा सुविधेमुळे) मधूनच येणारा झटका एएमडीने २०२२ मध्ये बायोसमधून दुरुस्त केला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतंच, तेव्हा एफटीपीएम बंद करून तो प्रश्न सोडवता येत नाही.

एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात आणि पेस्ट वाळलेली असेल तर लॉक लावलेला असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. आधी पाच-दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करा, कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सैल करा, मग उचला. ५६०० च्या खोक्यातला रेथ स्टेल्थ कूलर चार स्क्रूवर बसतो. त्यासाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन आधार काढावे लागतात आणि ते काढले की मागची धातूची पट्टी खाली पडते. तिला एका हाताने मागून धरून स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे पिळा. इंटेलच्या कूलरला चार खटके असतात. त्यातला एक जरी अर्धवट बसला तरी तापमान गेम सुरू होताच १०० ला टेकतं. बोर्डाच्या मागे वळून चारही पिनांची काळी टोकं बाहेर आली आहेत का ते बघा.

नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला असते. ५६०० ची मर्यादा ९० अंश, १२४००एफ ची १००. खोक्यातला कूलर गेमपुरता टिकतो, पण कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला काचेची बंद फळी असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, कूलरवर नंतर खर्च करा.

रॅम एकच १६ जीबीची घेण्यापेक्षा ८-८ ची जोडी घ्या. एकाच कांडीवर मेमरीची रुंदी निम्मी होते आणि त्याचा फटका ५५०० सारख्या कमी कॅशच्या प्रोसेसरला सगळ्यात जास्त बसतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा छापील वेग देणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच धावते. टास्क मॅनेजरच्या मेमरी टॅबमध्ये ते दिसतं. सीपीयू-झेड निम्मा आकडा दाखवतं, तिथे १६०० दिसले तर घाबरू नका, ते ३२००च.

पैसे मोजताना आणि मोजल्यावर

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन, ‘ट्रे’ की ‘बॉक्स’ हे आधी विचारा. ट्रे म्हणजे सुटा प्रोसेसर: कूलर नाही, आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी सहसा नाही, दुकानदार देईल तेवढीच. ७५००एफ बऱ्याचदा असाच मिळतो. वेगळा कूलर धरून बेरीज केली की ‘स्वस्त’ भाव बॉक्सच्या बरोबरीला येतो. नावात एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही; ५५०० आणि ५६०० मध्ये एफ नसूनही नाही. कार्ड बिघडून सर्व्हिसला गेलं की पीसी तेवढे दिवस बंद. आणि मॉनिटरची केबल कार्डातच लावा. आत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर ती बोर्डाला लावली तर चित्र दिसतं, गेम रखडतो, आणि शिव्या प्रोसेसर खातो.

जोडणी झाल्यावर एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्युनर टाका आणि गेममध्ये कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी आणि फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागलेला वेळ) स्क्रीनवर घ्या. व्ही-सिंक (मॉनिटरच्या वेगाला फ्रेम जुळवणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवून बघा. कार्डाचा वापर ९५ च्या पुढे असेल तर प्रोसेसर पुरेसा आहे. तो ७०-८० वर लोळत असेल तर रिझोल्यूशन ७२०पी करून बघा: एफपीएस वाढला नाही तर अडचण प्रोसेसरची. एकूण सीपीयू वापर ४० टक्केच दिसतो म्हणून फसू नका, बारा थ्रेडपैकी गेमचा एकच मुख्य थ्रेड अडला तरी फ्रेम तिथेच थांबते. कार्डाची मेमरी काठोकाठ भरली असेल तर प्रोसेसरला हात लावू नका, टेक्श्चर एक पायरी खाली आणा.

प्रोसेसरच कमी पडतोय हे नक्की झालं तरी लगेच विकायला काढू नका. गेममध्ये गर्दी, सावल्या आणि किती दूरचं दिसावं या तीन सेटिंग कमी करा, कारण बहुतेक गेममध्ये प्रोसेसरचा भार त्यातूनच येतो. मग रिव्हाट्युनरमध्ये १ टक्का लोच्या जरा वर फ्रेमची मर्यादा बांधा. ५५ ते ११० असा उड्या मारणारा गेम ६० वर बांधला की कितीतरी सरळ चालतो.