ब्राउझरच्या टॅबमधून सर्व्हरवर काम केलं, माझा अनुभव

आमच्या गावच्या वाचनालयाचा कॅटलॉग कोहावर आहे आणि तो सर्व्हर मी सांभाळते. कोहा म्हणजे वाचनालयांसाठीचं फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर, न्यूझीलंडच्या एका वाचनालयासाठी बनलं आणि २००० साली तिथे चालू झालं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आमची साधारण साडेअकरा हजार पुस्तकं त्यात आहेत, सर्व्हर भाड्याचा, डेबियनवाला (लिनक्सचाच एक प्रकार), आणि मी एरवी पुण्यातून माझ्या लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे कमांड चालवायच्या वाटेने, आत जाऊन काय ते बघते.

या गणपतीत गावी गेले आणि दुसऱ्याच दिवशी लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. नेमकं तेव्हाच ग्रंथपालताईंचा फोन, "अगं, मराठी नावं टाकली की पुस्तकं सापडतच नाहीत, इंग्रजी बरोबर येतात, जरा येऊन बघतेस का?" गेले. वाचनालयात एक विंडोजचा कॉम्प्युटर आहे, शेजारच्या शाळेच्या नेटवर चालतो. विंडोज १० मध्ये एसएसएच आतच असतं त्यामुळे मला वाटलं काही इन्स्टॉल करायलाच नको, कमांड मारली, आणि बराच वेळ काहीच नाही, मग टाइमआउट. शाळेच्या फायरवॉलमधून (नेटची ये-जा अडवणारा बॉक्स) फक्त ८० आणि ४४३ हे वेबसाइटचे पोर्ट, म्हणजे क्रमांकाची दारं, बाहेर जातात, एसएसएचचा पोर्ट २२ बंद. नेट बघणाऱ्या सरांना विचारलं तर म्हणाले, "ताई, त्या बॉक्सचं सेटिंग माझ्या हातात नाही, पण ब्राउझरमध्ये चालतंय ते तुम्ही बिनधास्त करा." मग ठरवलं, ब्राउझरमधूनच जायचं.

फोनवर टर्मक्स हे कमांड चालवायचं अ‍ॅप होतं, पण वाचनालयात मोबाइलची रेंज एक काडी, आणि चार इंचात कॉन्फिग फाइल वाचत बसणं मला तरी जमत नाही. भाड्याच्या सर्व्हरसोबत कंपनीच्या पॅनेलमध्ये एक कन्सोल मिळतो, तोही ब्राउझरमध्येच उघडतो, पण ते टर्मिनल, म्हणजे अक्षरांनी कमांड द्यायची खिडकी, नव्हे, ते सर्व्हरच्या स्क्रीनचं चित्र असतं. त्यात पेस्ट होत नाही, मजकूर सिलेक्ट होत नाही, लांबलचक कमांड अक्षर अक्षर टाइप करायची. अडीअडचणीला ठीक. मी त्याच कन्सोलमधून एकदाच कष्ट घेतले आणि सर्व्हरवर टीटीवायडी बसवलं.

टीटीवायडी म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. सर्व्हरवर तो तुम्ही सांगाल ती कमांड चालवतो आणि तिचा इनपुट-आउटपुट वेबसॉकेटवरून ब्राउझरला देतो, ब्राउझरमध्ये एक्सटर्म जेएस नावाची लायब्ररी ती अक्षरं स्क्रीनवर दाखवते, व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या आतलं टर्मिनल पण त्याच लायब्ररीवर आहे. चित्र नाही, खरी अक्षरं, त्यामुळे कॉपी होतं, पेस्ट होतं आणि कमी नेटवरही पळतं. तशाच कामाचं आधीचं शेल इन अ बॉक्स पण मला माहीत होतं, ते ४२०० पोर्टवर चालायचं आणि वेबसॉकेटशिवाय साध्या एजॅक्सवर, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारत राहण्यावर, काम काढायचं. वेबसॉकेटचं स्टँडर्ड २०११ ला आलं आणि दोन्ही बाजूंनी सतत उघडी राहणारी एक लाइन मिळाली, टर्मिनलला नेमकी तीच लागते.

टीटीवायडी आपलं आपण ७६८१ पोर्टवर बसतं, पण तो पोर्ट शाळेतून दिसणारच नाही. ४४३ वर तर कोहाची साइट आधीच आहे, अपाची या वेबसर्व्हरवर. (एसएसएचच ४४३ वर का नाही ठेवलं असं कोणी विचारेल, तर दोघांना एका पोर्टवर नांदवणारा एसएसएलएच नावाचा प्रोग्रॅम असतो, पण चालत्या साइटच्या दारात आणखी एक मधला माणूस उभा करायची माझी तयारी नव्हती.) म्हणून टीटीवायडी फक्त १२७.०.०.१ वर (हा सर्व्हरचा स्वतःचाच आतला पत्ता, त्यालाच लोकलहोस्ट म्हणतात) ऐकेल असं ठेवलं, आणि अपाचीला सांगितलं की साइटच्या अमुक पत्त्यावर कोणी आलं की त्याला आत ७६८१ कडे पाठव. फायरवॉलला हे सगळं साधं एचटीटीपीएस दिसतं.

पान उघडलं. काळी स्क्रीन आणि मधोमध "पुन्हा जोडण्यासाठी एंटर दाबा" अशा अर्थाचा मेसेज, एंटर दाबला की परत तेच. यात माझा दीड तास गेला. पान साध्या एचटीटीपीने येतं पण लाइन वेबसॉकेटची असते, आणि अपाचीमध्ये मी फक्त साधं प्रॉक्सीचं (आलेलं पुढे पाठवणारं) मॉड्यूल चालू केलं होतं, वेबसॉकेटसाठीचं डब्ल्यूएसटनेल वेगळं चालू करावं लागतं, आणि कॉन्फिगमध्ये वेबसॉकेटच्या पत्त्याची ओळ साध्या ओळीच्या वर लागते, खाली लिहिली तर साधी ओळच आधी जुळते आणि ती बिचारी कधी वाचलीच जात नाही. ते केलं तर प्रॉम्प्ट दिसला, पण टाइप केलेलं काहीच उमटेना! नव्या आवृत्त्यांत टीटीवायडी फक्त बघण्यापुरतं चालू होतं, लिहू द्यायचं असेल तर कॅपिटल डब्ल्यूचा पर्याय द्यावा लागतो.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग, सुरक्षा. टीटीवायडीला थेट बॅश, म्हणजे कमांड चालवणारा शेल, दिलं तर ज्याला पत्ता कळला तो विनापासवर्ड आत. ते कधीच करू नका. मी त्याला बॅश न देता लोकलहोस्टवर एसएसएच करायची कमांड दिली, तीही एका बिनअधिकाराच्या युजरखाली, म्हणजे आत यायला लॉगिन लागणारच. पण माझ्या सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद आहे, फक्त की (किल्लीची फाइल) चालते, आणि वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर माझी की ठेवणं मला पटेना, तिथे दिवसभर दहा जण बसतात. म्हणून फक्त १२७.०.०.१ वरून येणाऱ्यासाठी पासवर्ड अधिक फोनवरचा सहा आकडी कोड असं ठेवलं, कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, त्यामुळे त्या कॉम्प्युटरवर कोणी कीबोर्ड टिपत असलं तरी हाती लागलेला पासवर्ड एकट्याने कामाचा नाही. तरी "परवानगी नाही" येत राहिलं. का, तर लोकलहोस्ट हे नाव आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्याने जात होतं, आणि तिथून आलं की पत्ता दुहेरी कोलन एक, तो माझ्या नियमात नव्हताच. तो घातला आणि झालं.

आणखी एक गोष्ट लॉग बघताना लक्षात आली. या वाटेने येणारा प्रत्येक जण एसएसएचच्या लॉगमध्ये सर्व्हरच्या स्वतःच्याच पत्त्यावरून आलेला दिसतो, मग चुकीच्या पासवर्डवर पत्ता ब्लॉक करणारं फेल टू बॅन करणार काय, ते स्वतःच्या सर्व्हरला तर ब्लॉक करणार नाही. म्हणून पुढे अपाचीचाच एक पासवर्ड लावला आणि फेल टू बॅनला अपाचीचा लॉग वाचायला बसवलं, तिथे खरा पत्ता मिळतो. हे नसतं तर दार पहाऱ्याशिवाय राहिलं असतं आणि मला कळलंही नसतं.

मग खरं काम. कोहात शोध झेब्रा नावाचं इंजिन करतं आणि मराठीसाठी त्याला आयसीयूचे (वेगवेगळ्या भाषांची अक्षरं हाताळणारी लायब्ररी) नियम लावावे लागतात, मध्यंतरीच्या एका अपग्रेडमध्ये माझी ती सेटिंगची फाइल मूळ रूपात परत गेली होती. नॅनो या एडिटरमध्ये फाइल उघडली, शोधायला कंट्रोल डब्ल्यू दाबलं, आणि ब्राउझरला ते म्हणजे टॅब बंद करा! त्याने विचारलं पण, हे पान सोडायचं का, माझा हात सवयीने एंटरवर गेला. टॅब गेला, मागची एसएसएच तुटली. नशीब नॅनो असा मरताना फाइलची एक प्रत पॉइंट सेव्ह नावाने टाकून जातो, ती मिळाली. त्यानंतर दोन गोष्टी केल्या. क्रोममध्ये त्या पानाचा शॉर्टकट करून वेगळ्या विंडोत उघडलं, तिथे कंट्रोल डब्ल्यू टर्मिनललाच मिळतं. आणि लॉगिन झालं की आधी टीमक्स (काम सर्व्हरवरच चालू ठेवणारा प्रोग्रॅम), मग पान बंद होवो की वीज जावो, आतलं काम चालू राहतं. वीज त्या दुपारी दोनदा गेली, आणि दुसऱ्या वेळी शोधाचा अख्खा इंडेक्स (सूची) नव्याने बांधायचं काम चालू होतं. कॉम्प्युटर परत चालू करून लॉगिन केलं, टीमक्सला जोडलं, तर ते आपलं पूर्ण होऊन बसलेलं.

मराठी या टर्मिनलमध्ये नीट दिसत नाही हेही सांगते. जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्या घरात बसतात, कारण प्रत्येक अक्षराला ठरलेल्या मापाची चौकट असते. डेटा ठीक असतो, फक्त चित्र बिघडतं, तेव्हा ते बघून घाबरून काही दुरुस्त करायला जाऊ नका. मी पुस्तकांची नावं तपासायला बाजूच्या टॅबमध्ये कॅटलॉगच उघडून ठेवला होता.

ताईंनी "ज्ञानेश्वरी" टाकून बघितलं, सतरा प्रती आल्या, मग त्या एकेक नाव टाकतच बसल्या आणि मी त्यांच्या शेजारी.

पुण्याला परत आल्यावर टीटीवायडी बंद करून ठेवलंय. आता गावी निघायच्या आदल्या रात्री ते चालू करते, परतले की बंद.