झेनचे ब्रेक, नोंद चौथी: पावसाने फसवलं

मागच्या नोंदीत छाती फुगवून लिहिलं होतं, ब्रेकचं काम आटोपलं म्हणून. ते शब्द परत घेतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुनी मारुती झेन गाडी, ब्रेक पुढे डिस्कचे, मागे ड्रमचे. घोडबंदर रोडला गायमुखचा उतार उतरताना पॅडचा वास यायचा, म्हणून मे महिन्यात पुढे मोठ्या व्हेंटिलेटेड (हवा खेळती ठेवणाऱ्या) डिस्क आणि मोठे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे, चढवले. वास गेला, पेडल मात्र थोडं खोल जायला लागलं. रबाळे एमआयडीसीत मित्राच्या कंपनीचं रिकामं आवार आहे. तिथे ताशी ४० वरून थांबायला आधी ९ मीटर लागायचे, ते साडेनऊ झाले! तीनदा टेप धरली तरी पटेना.

मग टायरवर खडूच्या रेघा मारल्या आणि मामेभावाला मोबाइल घेऊन बाजूला उभं केलं. व्हिडिओ हळू करून पाहिला. पुढच्या चाकाची रेघ थिजलेली, मागची मात्र निवांत फिरतेय. पेडल एकच, ऑइलचा दाब एकच. मोठ्या कॅलिपरमुळे पुढची चाकं कमी दाबातच जाम व्हायला लागली होती, आणि तेवढ्या दाबात मागचे लायनर ड्रमला जेमतेम टेकत होते. गाडी थांबवतो शेवटी टायर. पुढचे दोन घसरायला लागले की मी पाय सैल करणार, आणि मागच्या दोघांची पकड वापरायची राहूनच जाणार.

मागचे ड्रम उघडले तर लायनर ड्रमच्या जवळ ठेवणारे ॲडजस्टर गंजून बसलेले. ते सोडवले, नवे लायनर टाकले, आणि मागचा दाब ठरवणारा गाडीचा मूळ व्हॉल्व्ह काढून तो कमीजास्त करता येईल असे व्हॉल्व्ह बसवले. दोन लागले, कारण ब्रेकच्या लाइन तिरक्या आहेत: पुढचं डावं चाक मागच्या उजव्याबरोबर. जुलैत ओल्या आवारात व्हॉल्व्ह एकेक वळसा उघडत गेलो. दर वळशाला अंतर कमी, गाडी नाकासमोर. मागची नोंद तेव्हाची.

गेल्या रविवारी जमीन कोरडी होती. त्याच सेटिंगवर पाय दाबला आणि गाडीचं बूड उजवीकडे निघालं. लाकडी पॅलेटच्या थप्पीपासून हातभर अंतरावर थांबलो.

घरी येऊन हिशोब मांडला, जो आधी मांडायला हवा होता. वजन ८०० किलो, पुढे-मागे ६०:४०, म्हणजे मागे ३२०. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २३३५ मिमी, गुरुत्वमध्य अंदाजे अर्धा मीटर उंच. ओल्यात ०.४ जीने (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका जोर) थांबताना साधारण ६८ किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर सरकतो, मागे २५२ उरतात. कोरड्यात ०.८ जी मिळतो तेव्हा १३७ सरकतात आणि मागे फक्त १८३. म्हणजे टायर जितके चांगले धरतील तितकी मागची चाकं हलकी. ओल्यात मागे जो दाब पचत होता, तोच कोरड्यात त्यांना जाम करून गेला.

आणि मागची जाम होणं वाईटच. पुढची जाम झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी सरळ जाते. मागची घसरली की आडवी पकड जाते आणि बूड पुढे यायला बघतं.

आता दोन्ही व्हॉल्व्ह दीड-दीड वळसा बंद केलेत. कोरड्यात ८.२ मीटर, व्हिडिओत पुढची रेघ मागच्याआधी किंचित थांबते. ओल्यात थोडं अंतर वाढलं, ते चालेल. ज्याला एकच सेटिंग ठेवायचंय त्याने ते कोरड्यातच करावं, हे माझं मत झालंय.

पावसाळाभर ओलावा प्यायलेलं ब्रेक ऑइल या आठवड्यात बदलतोय. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. गायमुखला ते परवडणार नाही. मग मागच्या सीटवर वजन ठेवून पुन्हा रेघा. मामेभावाला बसायला सांगितलं, तर म्हणतो तांदळाची पोती ठेव.